गेटवरून गेलेलं गाठोडं

१९५७ च्या उन्हाळ्यात माझी बदली वर्धा जिल्ह्यात झाली. हुकूम आला तेव्हा मी पठाणकोटला होतो. अकरा वर्षांच्या नोकरीत घराच्या इतकं जवळचं पोस्टिंग कधी मिळालं नव्हतं. माझं गाव अल्लीपूर, आणि नवा कॅम्प सिंदी रेल्वेच्या पुढे, माळावर. बरॅकमधले सोबती म्हणाले, "देवराव, साहेबाला काय पाजलंस?" मी म्हणालो, "पाणी." खरं तर मीही चकित होतो.

कॅम्प कागदावर तात्पुरता होता. महायुद्धातले मुदत संपलेले तोफगोळे वॅगनींतून साइडिंगला येत. ते रिकामे करायचे आणि पोलाद परत पाठवायचं, एवढंच काम. एक कॅप्टन साहेब, एक सुभेदार साहेब, तीस जवान, चाळीस सिव्हिल मजूर. मला गेट आणि झडती मिळाली. मी हवालदार होतो, आणि गेटच्या हवालदाराला माणसं दिसत नाहीत, खिसे दिसतात. मी संशयी आहे हे माझी बायको आजही चारचौघांत सांगते. ती म्हणते जन्मजात आहे. मी म्हणतो, सरकारनं तयार केला.

दिवस ठरलेला असे. ०७३० ला भोंगा. मजूर गेटवर रांगेत. बिडी, आगपेटी, चावी, काहीही लोखंडी, सगळं बाहेर काढून ठेवायचं. मग चेंज रूममध्ये घरचे कपडे उतरवून डांगरी चढवायची. डांगरी म्हणजे गळ्यापासून घोट्यापर्यंत एकच जाड कापडाचा पोशाख. १६३० ला उलटा क्रम. डांगरी खुंटीला, घरचे कपडे अंगावर, पुन्हा झडती. सकाळी आत काय जातं ते बघायचं, संध्याकाळी बाहेर काय जातं ते.

कॅम्पातलं सगळ्यात वाईट काम स्टीम शेडमध्ये होतं. गोळ्याची टोपी काढून तो उपडा धरायचा आणि आत वाफ सोडायची. आतला टी.एन.टी. पातळ होऊन खालच्या ट्रेमध्ये तुपासारखा उतरे आणि थंड झाला की पिवळट वडी होई. पत्र्याची शेड, उन्हाळा आणि वर ती वाफ. मी तिथं पाच मिनिटं उभा राहिलो तरी तोंड कडू होई आणि चहाची चव जाई. तिथं आठ माणसं रोज आठ तास उभी असत.

ते आठही जण जवळच्याच एका गावचे, एकाच वस्तीतले. आदल्या दसऱ्याला नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेले. बाकीच्या मजुरांनी शेडचं काम नको म्हटलं, मुकादमानं या आठांना तिथं उभं केलं, आणि कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. मलाही नाही. त्यांचा पुढारी रायभान. तिशीचा, चौथी शिकलेला, शांत. काम चोख. त्याच्या गोळ्यात नखाएवढा माल उरलेला मी कधी पाहिला नाही.

महिनाभरात आठांचे हात पिवळे झाले. मग कपाळावरचे केस तांबूस व्हायला लागले. बाकीचे मजूर त्यांना नवरदेव म्हणत. "हळद लागली, वरात कवा निंगते?" अशी रोजची मस्करी. ते हसत. पोट दुखतं, अन्न नको वाटतं, अशी तक्रार घेऊन कोणी एम.आय. रूमला, म्हणजे कॅम्पच्या दवाखान्यात, गेलं तर नर्सिंग असिस्टंट पांढरी गोळी देई आणि म्हणे, हाताचा डाग आहे, धुतल्यावर जाईल.

आता कपड्यांचं सांगतो. ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसलो आहे.

स्टँडिंग ऑर्डर स्पष्ट होती. डांगरी कॅम्पच्या बाहेर जाणार नाही. दर शनिवारी कंत्राटाचा धोबी आत येईल, तो सगळ्या डांगऱ्या आतल्या टाकीवर धुवेल. धोब्याचं नाव गोविंदा. आमच्याकडे धोब्याला वरठी म्हणतात. पहिल्याच शनिवारी त्यानं बत्तीस डांगऱ्या घेतल्या आणि आठ खुंटीवर तशाच ठेवल्या. कॅप्टन साहेबांनी विचारलं तर म्हणाला, "साहेब, याचे डाग जात नाहीत, बाकीचे कपडे खराब होतात." साहेब नवे होते, बंगळूरचे. त्यांना ते पटलं.

साहेब गेल्यावर मी गोविंदाला गाठलं. "खरं काय ते बोल."

"हवालदार साहेब, तुमी इकडचेच. तुमाले काऊन सांगा लागते?" तो म्हणाला. "त्याइचे कपडे म्या हातात घेतले तं माह्ये लोकं मले वाळीत टाकतीन. माह्या पोरीचं लगन हाय दिवाळीत."

मी इकडचाच होतो. आम्ही कुणबी, अल्लीपूरला आमच्या घरचे कपडे वरठी नेई आणि गावाबाहेरच्या वस्तीचे नेत नसे. लहानपणापासून पाहिलेलं होतं. ते मला इतकं ओळखीचं होतं की रागसुद्धा आला नाही. मी सुभेदार साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "हवलदार, ॲडजस्ट कर लो. काम रुकना नहीं चाहिए."

मी ॲडजस्ट केलं. शनिवारी १६३० ला रायभान आठ डांगऱ्यांचं गाठोडं घेऊन गेटवर येई. मी ते सोडायला लावी. एकेक डांगरी झटकून, खिसे उलटे करून, शिवणी चाचपून बघे. आत काही नसे. "जा," मी म्हणे. सोमवारी ०७३० ला गाठोडं धुऊन परत येई. कुठं लिहिलेलं नाही, कुठं सही नाही. ते कोण धुतं, हे मी चार महिने विचारलं नाही.

पाऊस संपत आला तेव्हा पोलिसांचं पत्र आलं. जवळच्या नदीच्या डोहात मेलेली मासळी तरंगताना सापडली होती, कोणीतरी पाण्यात बार उडवला होता. माल कॅम्पमधला आहे का, अशी विचारणा होती. ०९०० ला कॅप्टन साहेबांनी मला बोलावलं.

"गेट कोणाचं आहे?"

"माझं, सर."

"मग उत्तर तुम्ही द्या."

एवढंच बोलले. मला कोणी कानाखाली मारली असती तरी इतकं लागलं नसतं. त्या दिवसापासून मी प्रत्येक मजुराकडे चोर म्हणून बघायला लागलो. डब्यातली भाकरी मोडून बघितली. पागोटी सोडायला लावली. शेडच्या आठांना दोनदा तपासू लागलो, कारण माल त्यांच्या हाताखालून जाई. रायभान काही बोलत नसे. त्याचं गप्प राहणंसुद्धा मला संशयास्पद वाटे. दुसरा कोणी चिडून बोलला, तर तोही वाटे.

गुरुवारी सिंदीच्या बाजारातून आमचा लंगरवाला भाजी घेऊन आला. बोलता बोलता म्हणाला, "एक औरत देखी साब. हाथ पीले, बाल लाल. जैसे अपने शेडवाले." मी विचारलं, कोण? त्यानं चौकशी केली होती. रायभानची बायको, पंचफुला.

पंचफुला कॅम्पात कामाला नव्हती. तिनं कधी गेट ओलांडलं नव्हतं. मग तिच्या हाताला पिवळं कुठून लागलं? माझ्या डोक्यात लगेच जुळलं. माल घरात आहे. बाई तो हाताळते आहे, लपवते आहे, कदाचित विकतेही आहे. इतक्या दिवसांनी धागा सापडला म्हणून मला आनंद झाला. ते लिहायला आज लाज वाटते, पण झाला हे खरं.

रविवारी पोलिसांचा एक शिपाई बरोबर घेऊन आम्ही निघालो. मी, नायक करमसिंग, दोन जवान, वायरलेस सेट असलेली जीप. १०१० ला वस्तीत पोचलो. रायभानचं घर कुडाचं, दोन खणांचं. जीप थांबली तशी सगळी वस्ती गोळा झाली, आणि पलीकडच्या गावातलेही लोक येऊन उभे राहिले.

दाराशी मोठं घमेलं होतं. त्यात कपडे भिजत होते आणि पाणी लाल होतं. रक्तासारखं नाही, पळसाची फुलं उकळल्यावर होतं तसं. मी काठीनं ढवळलं. आमच्याच डांगऱ्या.

"हा कसला रंग आहे?" मी रायभानला विचारलं.

"रंग नोय साहेब. राखेच्या पान्यात घातले का असेच होते दर टायमाले."

"खोटं बोलू नकोस. माल कुठं आहे?"

"कोनता माल?"

मी जवानांना हुकूम दिला. धान्याची कणगी रिकामी केली. आढ्यावरची मडकी उतरवली. चुलीजवळची जमीन मऊ लागली म्हणून कुदळीनं हातभर खणली. काही निघालं नाही. बाहेर लोक बघत होते. रायभान दाराला टेकून उभा होता. एकदाच म्हणाला, "साहेब, पाहून घ्या नीट. मंग सगळ्याइले सांगून जाजो का काई नाई सापडलं." मी जवानाला पुन्हा आढ्यावर चढवलं. सापडलं नाही म्हणजे कुठंतरी दुसरीकडे आहे, असंच मला वाटत होतं.

पंचफुला आतल्या खणात गोधडीवर पडली होती. मी तिच्याकडे आधी बघितलंच नव्हतं. वय पंचवीस-सव्वीस. डोळ्यांचा पांढरा भाग हळदीसारखा पिवळा, ओठ निळसर. दीड वर्षाची मुलगी तिच्या पायाशी निजली होती. उशाशी एक म्हातारी पितळी थाळी घेऊन बसलेली. ती सखूबुढी, त्या भागात कावीळ उतरवणारी.

आमच्याकडे कावीळ झाली की दवाखान्याआधी अशा माणसाकडे जातात. ती चुन्याच्या निवळीत रोग्याचे हात धुते. थाळीतलं पाणी पिवळं झालं की कावीळ उतरली असं समजायचं. मग आठ दिवस तेल-तूप बंद, उसाचा रस सुरू, आणि माणूस कामाला मोकळा. शेडमधल्या आठांपैकी पाच जणांनी ती उतरवून घेतली होती आणि दुसऱ्या दिवशी परत शेडमध्ये येऊन उभे राहिले होते. उतरली म्हटल्यावर डॉक्टरकडे कोण जातो?

"कधीपासून पडून आहे?" मी विचारलं.

"दहा दिस झाले," सखूबुढी म्हणाली. "तरी आज सकाळी उठून कपडे भिजू घातले तिनं. म्हने, सोमवारी लागतात. अन् तिथंच बसली खाली."

"आठही जणांचे हीच धुते?"

"मंग कोन धुईन? ह्या आठात याचीच बाई हाताची मोकळी होती. दर आइतवारी घमेल्यावर बसे सकाळपासून."

मग तिनं थाळी माझ्यापुढे सरकवली. थाळीतलं पाणी तांबडं होतं.

"अरे बाबू, पाह्य. तीस वर्सं झाले कावीळ उतरवतो मी. पानी पिवळं होते. हिचं पानी लाल होऊन राह्यलं. पाच गडी आले थ्याइचंबी लालच. हे कावीळ नोय. मी सांगतलं याले का मोठ्या दवाखान्यात ने. पन थे लोकं म्हनतात, बुढीले जमलं नाई."

मला हसू आलं. मी म्हणालो, "बाई, चुन्यात हळद टाकली की कुंकू होतं. ही कला मला माहीत आहे."

म्हातारी चिडली. "तुह्या हाताले तं हळद नाई ना? आन इकडे." तिनं माझा हात ओढला आणि दुसऱ्या गाडग्यातली स्वच्छ निवळी बोटांवर ओतली. चोळली. थोडा वेळ काही झालं नाही. मग माझ्या नखांच्या कडेनं आणि बोटांच्या रेषांतून लालसर रंग उमटला. करमसिंग वाकून बघायला लागला. मी त्याचा हात पुढे करायला लावला. त्याच्यावर निवळी ओतली, काही झालं नाही.

करमसिंग गेटवर नव्हता. गाठोडं दर शनिवारी मीच सोडत होतो, मीच शिवणी चाचपत होतो. आदल्याच संध्याकाळी चाचपल्या होत्या.

मी तिथंच खाली बसलो. चार महिने मी लोकांचे खिसे चाचपत होतो. माल गेटवरून बाहेर जात होता हे खरंच होतं. तो कापडाच्या धाग्यांत मुरून जात होता, मी स्वतः उघडून बघत होतो आणि "जा" म्हणत होतो. तो या बाईच्या हातांतून अंगात शिरत होता. मला कोणाचा राग आला ते सांगता येत नाही.

१०५५ ला मी सेट उघडला. ड्युटीवर सुभेदार साहेब होते.

"हॅलो वन. वन-चार्ली. ॲम्ब्युलन्स पाठवा. पेशंट गंभीर. ओव्हर."

"वन. पेशंट कोण? ओव्हर."

"रायभानची पत्नी. केस आपल्या कामाची आहे. डांगरीतून विष गेलंय. ओव्हर."

"बाईचं नाव हजेरी रोलवर आहे का? ओव्हर."

"नाही. ओव्हर."

"वेट. आउट."

मी थांबलो. सैन्यात वेट म्हटलं की थांबायचं असतं. पाच मिनिटं, दहा, वीस. रायभान जीपशेजारी उभा होता. त्यानं विचारलं, "काय म्हनते साहेब?" मी म्हणालो, "विचारून राहिलेत." तो म्हणाला, "कोनाले?" ते मलाही माहीत नव्हतं. पस्तीस मिनिटं झाली तेव्हा मी सेट बंद केला, करमसिंगला मागे उतरवलं आणि पंचफुलाला गोधडीसकट जीपमध्ये घेतलं. रायभान तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला. मुलगी सखूबुढीकडे राहिली.

वर्ध्याच्या दवाखान्यात १३२० ला पोचलो. रस्ता चिखलाचा होता. वाटेत ती एकदा शुद्धीवर आली आणि रायभानला म्हणाली, "कपडे वाळू घातले का?" तो म्हणाला, "घातले." ते अजून घमेल्यातच होते.

डॉक्टरांनी तिचे हात बघितले, केस बघितले आणि मला बाजूला घेतलं. ही कारखान्यात काम करते का, असं विचारलं. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, यकृत गेलंय, महिनाभर आधी आणली असती तर काम थांबवूनच निम्मी बरी झाली असती. त्यांनी जे करता येईल ते केलं. बुधवारी सकाळी ०६१५ ला ती गेली.

परत आल्यावर कॅप्टन साहेबांनी आधी जीपबद्दल विचारलं, मग मी चुन्याची निवळी मागवली. त्यांच्या टेबलावर शेडमधली एक डांगरी ठेवून निवळी ओतली. कापड लाल होत गेलं. साहेब बराच वेळ बघत राहिले. तरुण माणूस होता, चेहरा उतरला. त्यांनी त्याच दिवशी शेड बंद केली आणि वर लिहिलं.

दहाव्या दिवशी कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. बाहेरून दोन अधिकारी आले. सकाळी परेडनंतर सुभेदार साहेबांनी मला बरॅकमागे गाठलं. म्हणाले, "देवराव, तेरी पेन्शन के चार साल बाकी हैं. मेरे दो. धोबी की बात मत निकालना. वो लोग अपनी मर्जी से ले जाते थे. बस." त्यांनी खांद्यावर हात ठेवला आणि गेले.

चोरीचा मुद्दा पहिल्या दहा मिनिटांत संपला. डोहातला बार विहीर खोदणाऱ्यांच्या सुरुंगाच्या दारूचा होता, पोलिसांनीच तसं कळवलं होतं. मग डांगऱ्यांचा प्रश्न आला. आधी रायभानला बोलावलं. बायकोला जाऊन दहाच दिवस झाले होते. तो ताठ उभा राहिला.

"डांगरी बाहेर न्यायची नाही, हे माहीत होतं?"

"होय साहेब."

"मग का नेली?"

"धोबी आमचे कपडे धूत नव्हता. आमी दीक्षा घेतली, तरीबी धूत नव्हता. आमच्या कपड्याइले शिवत नाई थो. हवालदार साहेबाले मालूम हाय."

गोविंदाला विचारलं. तो जमिनीकडे बघत म्हणाला, डाग जात नव्हते. मग मला बोलावलं.

"रायभान म्हणतो ते खरं आहे?"

खोलीत घड्याळ होतं. १११२ झाले होते. रायभान माझ्याकडे बघत होता. घर खणलं त्या दिवशीसुद्धा त्यानं माझ्याकडे असं बघितलं नव्हतं. मी सांगेन, अशी त्याची खात्री होती.

"मला कल्पना नाही, सर," मी म्हणालो. "ते आपल्या मर्जीनं नेत होते."

अहवालात आलं की मृत्यू डांगरीतल्या टी.एन.टी.मुळे झाला, आणि डांगरी स्टँडिंग ऑर्डर मोडून बाहेर नेण्यात आली. रायभानला कामावरून काढलं. मला तोंडी समज मिळाली, गेटवर ढिलाई केली म्हणून. पुढे नवे हुकूम निघाले आणि ते चांगले होते. शेडला पंखे लागले, डांगऱ्या बॉयलरच्या पाण्यात कॅम्पमध्येच धुवायच्या झाल्या, आणि सगळ्यांच्या एकत्र. माणूस घरी निघाला की गेटवर त्याच्या हातावर चुन्याची निवळी टाकायची, लाल झालं तर परत धुवायला पाठवायचं. तो हुकूम मीच अमलात आणला. सखूबुढीचं नाव त्यात नव्हतं. उरलेल्या सात जणांपैकी माणिक म्हणून एक होता, तो पुढच्या होळीला गेला. बाकीचे वाचले.

मी पेन्शन घेऊन अल्लीपूरला आलो. शेती बघितली, मुलांची लग्नं केली. पंधरा ऑगस्टला शाळेत मला खुर्चीवर बसवतात आणि लढाईतल्या आठवणी सांगा म्हणतात. मी काश्मीरची सांगतो. आमच्या कंपनीतले तिघे तिथं गेले, त्यांची नावं सांगतो. हे कधी सांगितलं नाही.

मग एकदा सिंदीला पाहुण्यांकडे गेलो असता चहाच्या टपरीवर रायभानचं नाव निघालं. कोणीतरी सहज म्हणालं, "थो? मिलिटरीतली बॉम्बची दारू चोरून घरात गाडली होती त्यानं. मिलिटरीनं घर खणलं. बायको त्याच्यानंच मेली." तीस वर्षं झाली होती. गाव तेच समजून चाललं होतं. आणि का समजणार नाही? जीप येताना सगळ्यांनी पाहिली होती, घर खणताना पाहिलं होतं, आणि काही सापडलं नाही हे मी कोणाला सांगून गेलो नव्हतो. वर त्याची नोकरी गेली. चोर नसता तर काढला असता का?

मी त्याच दुपारी त्याच्या घरी गेलो. रायभान पिकून गेला होता, पण ओळखलं. बसायला बाज टाकली. मी उभ्यानंच बोललो. "रायभानभाऊ, त्या दिवशी मी खोटं बोललो."

"मले मालूम हाय," तो म्हणाला. "मी तिथंच होतो ना."

"मला माफ कर."

त्यानं बाजेवरची धूळ झटकली. मग म्हणाला, "माह्याजोळ कायले सांगता? मले तं पयलेच मालूम हाय. ज्याइले मालूम नाई थ्याइले सांगा. माह्ये नातू शाळेत जातात तं पोट्टे थ्याइले चोराचे म्हनतात."

पुढच्या पौर्णिमेला संध्याकाळी पाच वाजता बुद्धविहारासमोर लोक जमले. वस्तीचे होते, गावातलेही होते. मी मेडलं लावून गेलो होतो, मग ती काढून खिशात ठेवली. उभा राहिलो आणि वेळा सांगत सगळं सांगितलं, आता लिहिलं तसंच. घर खणलं, काही सापडलं नाही. रायभाननं काही चोरलं नाही. धोबी कपडे धूत नव्हता, ते मला पहिल्या शनिवारपासून माहीत होतं. गाठोडं मी सोडलं. चौकशीत मी खोटं बोललो. बोलून झाल्यावर कोणी टाळी वाजवली नाही, कोणी शिवीही दिली नाही.

मग रायभानची मुलगी उठली. त्या दिवशी आईच्या पायाशी निजलेली तीच. आता दोन मुलांची आई होती, अंगणवाडीत काम करत होती. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला.

"काका, एक विचारू?"

"विचार, बाई."

"तवा तुमची वर्दी कोन धूत होतं?"

मी तिच्याकडे बघितलं. तिला राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"गोविंदा," मी म्हणालो. "दर शनिवारी. इस्त्री करून आणून देत होता."

ती खाली बसली. माझ्या नोकरीत गेलेल्यांची नावं मी आता पाच सांगतो. काश्मीरमधले तिघे. माणिक, स्टीम शेड. आणि पंचफुला रायभान, आठ माणसांचे कपडे धुताना.